बी राखणारी बाग

हिवाळ्यात आपल्या बंगल्यांच्या वाफ्यांतून पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी यांची गर्दी होते. होळीच्या सुमारास ऊन तापू लागले की माळी सारे उपटून वाफे मोकळे करतो आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा नवी पाकिटे येतात. या रीतीविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. साक्षीला घेतो ते एक साधे फूल, सायलीन. इंग्रजीत याच्या काही जातींना कॅम्पियन म्हणतात, काहींना कॅचफ्लाय. नावावरून आपली सायली आठवेल, परंतु दोघींचे नाते काहीच नाही.

कॅचफ्लाय म्हणजे माशी धरणारी. सायलीन आर्मेरियाच्या देठावर पेरांखाली चिकट पट्टे असतात आणि बारीक किडे त्यांना चिकटतात. झाड त्यांना खात नाही. खालून चढून मध चोरणाऱ्यांची वाट मात्र अडते. पांढऱ्या कॅम्पियनची तऱ्हा निराळी. ती संध्याकाळी उमलते व वासाने पतंगांना बोलावते. तिच्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे, त्यामुळे एकटे झाड फुलेल, पण बी देणार नाही.

ही पांढरी थंड मुलखातली. बडोद्याच्या उन्हाळ्यात तिची आशा नको. आर्मेरिया आणि पेंड्युला या जाती मात्र एका हंगामाच्या. दसरा-दिवाळीच्या दरम्यान पेराव्या. बी अगदी बारीक, म्हणून वर माती नुसती भुरभुरवावी. ऊन भरपूर द्यावे, पाणी साचू देऊ नये. फुले सरली की कुपीसारखे बोंड सुकते आणि त्याच्या टोकाला दाते उघडतात. तेव्हा ते कागदाच्या पुडीत घ्यावे. संकरित पिटुनियाचे घरचे बी मूळ रंग देईलच असे नाही. या साध्या जातींबद्दल ती भीती नाही. प्रश्न एवढाच की तोवर वाफा ओकाबोका दिसतो, आणि तेच आपल्याला सोसवत नाही.

सोसावे का, याचे उत्तर याच कुळात आहे. जिब्राल्टरच्या खडकावरची कॅम्पियन १९९२ मध्ये नामशेष झाली असे मानले गेले. १९९४ मध्ये कडा चढणाऱ्या एकाला तिचे एक झाड सापडले. त्यापासून रोपे वाढवली गेली आणि आज ती तिथल्या वनस्पतिउद्यानात फुलते. दुसरी गोष्ट सैबेरियातली. कोलिमा नदीकाठी ३८ मीटर खोल गोठलेल्या मातीत, खारींच्या बिळात, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीची सायलीनची फळे मिळाली. रशियन शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये त्यांपासून झाडे वाढवल्याचे जाहीर केले. पण पिकलेली बिये रुजली नव्हती. कच्च्या फळातल्या पेशींपासून, प्रयोगशाळेत जपूनच, झाडे करावी लागली.

कोठारे हवीतच. पण नुसत्या कोठारावर विसंबता येत नाही. मी गाणे शिकवतो. बंदिश वहीत उतरवली म्हणजे ती वाचली, असे शिष्यांना वाटते. स्वर कागदावर राहतात. ते घ्यायचे कसे, हे गळ्यातून गळ्यातच जाते. बागेचेही तेच. कधी पेरावे, बोंड केव्हा खुडावे, हे दरवर्षी करणाऱ्या हातालाच ठाऊक असते, आणि पाकीट विकत घेणाऱ्या घरातून ते एका पिढीत जाते.

कोणी म्हणेल, जाई-जुई असताना परक्या फुलाची एवढी उठाठेव कशाला? क्यूच्या उद्यानात काम केलेले क्रुम्बिगल १८९३ मध्ये सयाजीरावांच्या चाकरीत येथे आले, तेव्हापासून परकी फुले बडोद्याला परकी नाहीत. आणि आपण मंडळी तरी कुठे इथली होतो? गायकवाडांमागून आलो, आणि घरात मराठी बोलत राहिलो म्हणून आजही मराठी आहोत. या वर्षी निदान एका कोपऱ्यातली झाडे सुकेपर्यंत उभी ठेवा, आणि त्यांची एक पुडी शेजारच्या घरी द्या.