वारसा कर हवा, पण 1953 चा नको

चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री असताना, 1953 साली, संसदेने संपदा शुल्काचा कायदा केला. माणूस गेला की त्याच्या मागे राहिलेल्या मोठ्या इस्टेटीतला काही भाग सरकारजमा व्हायचा. बत्तीस वर्षांनी, 16 मार्च 1985 रोजी, विश्वनाथ प्रताप सिंह यांनी अर्थसंकल्पात तो कर काढून टाकला. कारणे दोन दिली. वर्षाला जेमतेम 20 कोटी जमतात आणि त्या मानाने वसुलीचा खर्च फार. शिवाय त्याच मालमत्तेवर संपत्ती कर लागतोच, मग दोन-दोन कायद्यांचा जाच कशाला?

कायदा फसला होता, यात वाद नाही. पुढे पुढे 20 लाखांच्या वरच्या हिश्शावर तब्बल 85 टक्के दर लागू झाला होता. शंभरातले पंच्याऐंशी रुपये जाणार म्हटल्यावर कोणता धनिक स्वस्थ बसेल? वकील आणि सीए यांच्या सल्ल्याने मालमत्ता वेळीच वाटून मोकळे होणे हाच शहाणपणा ठरला. करमाफीची मर्यादा मात्र एकेकाळी 50 हजारांवर होती; पळवाट परवडत नसलेल्या मध्यमवर्गीयाच्याच घरी नोटीस येणार, हे उघड होते.

अशा वेळी दर खाली आणायचा, मर्यादा वर न्यायची. त्याऐवजी कर मुळासकट उपटला गेला आणि तिथेच देश चुकला.

सिंह यांचे दुसरे कारण तर आता उरलेलेही नाही. 1998 मध्ये दान कर गेला, 2015 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी संपत्ती करही रद्द केला. आज नोकरदाराचे करपात्र उत्पन्न वर्षाला 24 लाखांच्या पुढे गेले की नव्या कररचनेत त्यापुढच्या प्रत्येक रुपयावर 30 टक्के कर आहे. शंभर कोटींचे शेअर वारशाने मिळाले तर मिळताना कर शून्य. वारस ते विकेल तेव्हा मूळ खरेदीच्या किमतीवरून भांडवली नफा मोजला जातो, हे खरे. पण त्याने ते विकलेच नाहीत, नुसता लाभांश खात बसला, तर त्या वाढलेल्या किमतीवर कधीच कर लागत नाही. कष्टाच्या पैशावर एवढा कर आणि आयत्या मिळालेल्या संपत्तीवर काहीच नाही, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा उल्लेख केला आणि एकच गदारोळ उठला. भाजपने हल्ला चढवला, काँग्रेसने हात झटकले आणि चर्चा सुरू होण्याआधीच संपली. अमेरिकेतील केंद्रीय कर फक्त फार मोठ्या इस्टेटींना लागतो, हे त्या गोंधळात कोणी सांगितले नाही; त्याची मर्यादा आता माणशी दीड कोटी डॉलर आहे. ब्रिटनमध्ये दर 40 टक्के असला तरी गेल्या काही वर्षांत शंभर मृत्यूंमागे जेमतेम चार-पाच प्रकरणांतच तो प्रत्यक्ष भरावा लागला.

तरीही लोकांच्या मनातली भीती खरी आहे. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली पुनर्विकासात गेली आणि टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला, अशी कितीतरी कुटुंबे आहेत. रेडी रेकनरने पाहिले तर ती कोट्यधीश, घरात मात्र महिन्याचा मेंटेनन्स भरताना ओढाताण. बारामती किंवा निफाडच्या शेतकऱ्याचेही तेच: सातबाऱ्यावर मोलाची जमीन, हातात रोकड नाही. राहते घर आणि कसती जमीन कराबाहेर ठेवलीच पाहिजे, आणि बाकीच्या मालमत्तेला 10 कोटींपर्यंत हात लावू नये. त्यापुढे 10-15 टक्के दर पुरेसा आहे.

स्वीडनचा अनुभव इथे डोळ्यांआड करता येत नाही. अ‍ॅस्ट्रा या औषध कंपनीच्या एका संस्थापकाची पत्नी सॅली किस्टनर 1984 मध्ये वारली. कर मृत्यूच्या दिवशीच्या भावाने ठरला. तो भरण्यासाठी शेअर विकावे लागणार हे बाजाराला कळताच भाव कोसळला आणि कराची रक्कम इस्टेटीपेक्षा मोठी झाली. स्वीडनने अखेर 2004 मध्ये हा करच रद्द केला. दक्षिण कोरियाने दुसरी वाट धरली. सॅमसंगचे ली कुन-ही 2020 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या वारसांवर 12 लाख कोटी वॉनहून अधिक कर बसला. तो त्यांना पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने भरू दिला गेला.

भारताने कायदा करायचा तर हप्त्यांची ही सोय त्यात पहिल्या दिवसापासून हवी. शेअर डीमॅटमध्ये आणि व्यवहार पॅनशी जोडलेले असल्याने मोजदाद 1953 इतकी अवघड राहिलेली नाही. अवघड आहेत ते कौटुंबिक ट्रस्ट आणि मरणाआधी केलेली बक्षीसपत्रे. महाराष्ट्रात मुलांच्या-नातवंडांच्या नावे राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. सामान्य घरांसाठी ती सवलत राहायलाच हवी. मात्र ब्रिटनमध्ये मृत्यूआधीच्या सात वर्षांतल्या देणग्या हिशेबात धरतात, तसे कलम मोठ्या इस्टेटींसाठी इथेही घालावे लागेल, आणि ट्रस्टमध्ये ठेवलेली मालमत्ता ज्याच्या उपभोगात आहे त्याच्या नावे मोजावी लागेल.