निबंधात तू कुठे आहेस?

बारावीच्या एका मुलाने गेल्या आठवड्यात मला दोन पानं आणून दिली. गाव राजगडाच्या पायथ्याचं. परराज्यातल्या एका विद्यापीठाच्या अर्जात स्वतःविषयी लिहायचं होतं, ते त्याने लिहिलं होतं. शिक्षण ही प्रगतीची गुरुकिल्ली आहे, इथून सुरुवात. मग राष्ट्रनिर्मिती, मग तंत्रज्ञानाचं युग, आणि शेवटी संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही. मुलगाही कुठे सापडला नाही.

मी विचारलं, “शनिवार-रविवारी काय करतोस?”

“काही नाही सर. गडावर ताक विकतो.”

हे ‘काही नाही’ सहावीपासून चाललेलं. पहाटे घर सोडायचं, कॅन पाठीवर घेऊन चोर दरवाजाच्या वाटेने वर जायचं. ढग उतरले की ताक खपत नाही हे तो आदल्या संध्याकाळी आभाळाकडे बघून ठरवतो आणि आईला विरजण कमी लावायला सांगतो. उरलं तर तोटा, कमी पडलं तरी तोटाच. एकदा पुण्याच्या एका काकांचा पाय मुरगळला, तेव्हा याने आणि चुलतभावाने त्यांना चार तास लावून खाली आणलं. ही सगळी हकिगत मला अर्धा तास खोदून काढावी लागली.

“मग हे का नाही लिहिलंस?”

“हे काय लिहायचं सर?”

त्याचा दोष नाही. मी स्वतः तीस वर्षं मराठी शिकवलं. नदीचं आत्मवृत्त, फाटक्या पुस्तकाचं मनोगत, पडक्या किल्ल्याची कैफियत, मी पंतप्रधान झालो तर. आम्ही मुलांना किल्ल्याच्या वतीने बोलायला शिकवलं. किल्ल्यावर ताक विकणाऱ्या पोराने स्वतःच्या वतीने बोलायचं, हे कुठल्याच वर्षी अभ्यासक्रमात आलं नाही. उलट कोणी ‘आमच्या म्हशीला’ असं लिहिलं तर शेजारी लाल शाईने ‘विषयांतर’ लिहिणाऱ्यांत मीही होतो.

आता कोणी म्हणेल, आमच्या भोर-वेल्ह्याच्या मुलांना हा निबंध लागतो कुठे? बहुतेकांना लागत नाही, खरं आहे. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला. त्यात एक ते दहा महाविद्यालयांची पसंती भरायची, बाकी काम गुणांचं. अभियांत्रिकीला सीईटी आणि कॅप राउंड. तिथे तुम्ही कोण आहात हे कोणी विचारत नाही, पर्सेंटाइल विचारतात. त्या वाटेने जाणाऱ्यांना एवढंच सांगतो की पसंतीक्रम मित्राचा बघून भरू नका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर यांचं काम पावसाळ्याआधीच उरका. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांग असते आणि घरी चिखलणी, तेव्हा दोन्हीकडे एकाच माणसाला उभं राहता येत नाही. आणि हो, वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. जुन्या कागदावर एक नाव आणि नव्यावर दुसरं असेल, तर दोन्हीच्या प्रती जवळ बाळगा. नावाच्या अभिमानाने पडताळणी होत नाही.

पण स्वतःविषयी लिहून मागणारी दारंही आता फार लांब राहिलेली नाहीत. वेल्ह्याच्या शेजारच्या मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या डोंगरावर यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज १९९७ पासून आहे. अकरावी-बारावीच्या वयाची जगभरातली मुलं तिथे शिकतात. निवड लेखी उत्तरांवर आणि मुलाखतींवर होते, आणि घरच्या परिस्थितीप्रमाणे शिष्यवृत्ती मिळते. आपल्या मुलांनी ते नाव क्वचितच ऐकलेलं असतं. सोनिपतचं अशोका विद्यापीठ अर्जातच लिहायला लावतं. अझीम प्रेमजी विद्यापीठ परीक्षेनंतर मुलाखतीला बोलावतं, आणि तिथेही प्रश्न शेवटी तोच: तुम्ही कोण, इथे कशाला आलात? परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते, पण तिथे प्रवेश आधी स्वतः मिळवावा लागतो. म्हणजे एसओपी, अर्जासोबतचं स्वतःविषयीचं निवेदन, आलंच. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. चेव्हनिंगच्या अर्जात चार निबंध असतात. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांना अशा अर्जांसाठी तयार करणारी ‘एकलव्य’ ही संस्था त्यांनी त्याआधीच यवतमाळमध्ये उभी केली होती.

आणि हा प्रकार नवा नाही, विलायती तर नाहीच. माझ्या मते मराठी माणसाने लिहिलेला प्रवेशाचा सर्वांत चांगला अर्ज १८८३ सालचा आहे. लिहिणारी पुण्यात जन्मलेली, अठरा वर्षांची, आनंदीबाई जोशी. त्याआधी गोपाळरावांनीही बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकी मिशनऱ्याला पत्र घातलं होतं. उत्तरात धर्मांतराचा सल्ला आला. तीन वर्षांनी आनंदीबाई स्वतः न्यू जर्सीला पोचल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. ते पत्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

त्या पत्रात काय आहे ते पाहा. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी पुऱ्या करत नसू, हे त्या आधीच कबूल करतात. मग सांगतात की आप्त आणि जातभाई सगळे विरोधात असताना ज्या निश्चयाने मी इथवर आले, तोच निश्चय पुढेही कामी येईल. आणि कशासाठी आले? तर पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांसाठी. संपलं. ज्ञानाचा महिमा नाही, गुरुकिल्ली नाही. स्वतःचं दहा दिवसांचं मूल गेलं त्याचं रडगाणंही नाही, आणि ते गाण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? उणीव, केलेली गोष्ट आणि नेमकं काम, एवढ्यावर प्रवेश मिळाला. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

‘केलेली गोष्ट’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. इंग्लंडमधल्या विद्यापीठांचे पदवीचे अर्ज ज्या यूकास संस्थेमार्फत जातात, तिने २०२६ च्या प्रवेशापासून सलग एक निबंध घेणं थांबवलं आणि त्या जागी तीन प्रश्न ठेवले. हाच विषय का? आजवरच्या अभ्यासाने काय तयारी झाली? शाळेबाहेर काय केलंत? एकूण मर्यादा ४००० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. कारण उघड होतं: ज्यांच्या घरी लिहून देणारं, सुधारून देणारं कोणी होतं, त्यांचे सलग निबंध छान वठत आणि बाकीची मुलं कोऱ्या पानासमोर बसून राहत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या तालुक्यांत ढिगाने पडलं आहे. इर्जिकीत कोणाच्या खाचरात आधी उतरायचं हे ठरवणारी पोरगी. धरणाच्या फुगवट्यापलीकडून शाळेला येणारं पोर. म्हातारीची पेन्शन काढायला बँकेत जाऊन फॉर्म भरणारा आणि तसं करत गावातल्या बारा म्हाताऱ्यांचा कारकून झालेला नववीचा मुलगा.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात हुशार मुलंच जास्त पडतात. एकदा ‘आपलं’ लिहायचं म्हटलं की ती गरिबी लिहितात. पत्र्याचं घर, अनवाणी पाय, आईचे अश्रू. मला हे पटत नाही. निवड करणाऱ्याने असे शेकडो अश्रू वाचलेले असतात, आणि तसेही ते अश्रू आईचे आहेत, अर्जदाराचं कर्तृत्व नव्हे. ताकवाल्या मुलाचा निबंध तो गरीब आहे म्हणून चांगला होणार नाही. तो उद्याच्या ढगांवरून आजचं विरजण ठरवतो म्हणून होईल. त्याला संख्याशास्त्र शिकायचं आहे! आणि दोन पानांत त्याने आभाळाचं नावही काढलं नव्हतं.

पुण्यात हे निबंध घडवून देणारे सल्लागार आहेत. त्यांची फी ऐकली तर आमच्याकडे लोक खाचराचा भाव विचारतील. म्हणून ही पद्धत न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही. शहरातल्या मुलाने ‘समाजसेवा’ म्हणून आमच्या गावात आठ दिवस वर्ग घ्यायचे, त्यावर निबंध लिहायचा आणि त्याच गावातल्या पोराने गुरुकिल्लीवर लिहायचं, ही विषमता डोळ्यांत खुपते. मोबाइलला सांगून निबंध लिहून घेण्याची नवी पळवाटही तीच गुरुकिल्ली जरा चकचकीत करून परत देते, आणि तसा मजकूर स्वतःचा म्हणून दिला तर ती फसवणूक धरली जाऊ शकते, असं यूकास बजावते.

इंग्रजीची भीती मात्र फार वाढवून ठेवलेली आहे. पहिला मसुदा मराठीत लिहा, बोलता तसा. ‘ढग उतरले की ताक खपत नाही’ हे वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीतही जिवंत राहतं. इंग्रजी दुरुस्त करायला शिक्षक मिळतील. ढग तुम्हालाच आणावे लागतील.

त्या मुलाने रविवारी नवीन पानं आणली. विरजणापासून सुरुवात आहे. मधला भाग अजून विस्कळीत आहे, तिसऱ्या परिच्छेदात राष्ट्रनिर्मिती पुन्हा डोकावली होती, तिच्यावर त्याने माझ्या आधी काट मारली. अर्ज भरायला अजून वेळ आहे.

भोर-वेल्ह्यातल्या माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती. जुलैत लावणीसाठी घरी राहिलेली मुलं आठ-दहा दिवसांनी वर्गात येतील. त्यांना ‘माझा आवडता ऋतू’ देऊ नका. ते आठ दिवस तुम्ही काय केलंत, कोणता निर्णय तुमचा होता आणि काय चुकलं, हे एका पानात लिहून आणायला सांगा. आणि ‘आमच्या म्हशीला’ असं आलं, तर लाल पेनाला टोपण घाला.