'साठी बुद्धि नाठी' ही म्हण खरी काय?



गेल्या सत्रांत वर्गांत म्हणींचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें 'साठी बुद्धि नाठी' या म्हणीस उदाहरण म्हणून आपल्या आजोबांचेंच नांव घेतलें, आणि सारा वर्ग हसला. मीही क्षणभर हसलों. मागाहून कळलें तें असें कीं, त्या वृद्ध गृहस्थांनीं मालेगांवांत जन्मभर माग चालविला. तुटलेला धागा ते आजही सहज सांधतात, परंतु बाजारांतून परततांना स्वतःच्या घराची गल्ली त्यांस सांपडत नाहीं. तेव्हांपासून या म्हणीविषयीं माझें मत बदललें आहे, तें येथें मांडतों.

ही म्हण दोन प्रकारें चुकीची आहे. पहिलें असें कीं, ती खोटी आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांतील साठ वर्षांवरील शंभर माणसांपैकीं सात-आठांस स्मृतिभ्रंश असतो. असे लोक सुमारें ८८ लाख होतात, ही संख्या लहान नव्हे. तथापि उरलेल्या नव्वदांहून अधिकांस तो नसतो, हेंही तितकेंच खरें. तात्पर्य, हा वयाचा धर्म नसून रोग आहे. १९०६ सालीं आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरानें आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूंत, तिच्या मृत्यूनंतर आढळलेल्या विचित्र गांठी व साके यांचें वर्णन केलें, आणि या रोगाच्या मुख्य प्रकारास त्याचें नांव मिळालें.

दुसरें असें कीं, ही म्हण मोलाचा वेळ दवडविते. तें कसें, हें कळण्यास प्रयोगशाळेंत डोकावलें पाहिजे.

जिवंत माणसाचा मेंदू उघडून पाहतां येत नाहीं. आणि मृत्यूनंतर पाहणें म्हणजे राखेवरून आग कशी लागली हें ओळखणें होय. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनीं २००६ सालीं उंदराच्या व पुढील वर्षीं मनुष्याच्या त्वचेंतील पेशी पुन्हां गर्भावस्थेसारख्या बनविल्या. त्याबद्दल २०१२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. अशा पेशींपासून मेंदूंतील चेतापेशी वाढवितां येतात. परंतु पेशी गर्भावस्थेंत नेली कीं तिचें वय पुसलें जातें, मग वार्धक्याचा रोग तिच्यांत कसा दिसावा? म्हणून अमेरिकेंतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत अँड्र्यू यू व त्यांचे सहकारी यांनीं ही मधली पायरी गाळून वृद्ध रुग्णांच्या त्वचापेशी थेट चेतापेशींत पालटल्या. तेणेंकरून वयाच्या खुणा राहिल्या. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा पेशींभोंवतीं कांहीं आठवड्यांतच अमायलॉइडचा साका जमला, टाऊ नांवाचें प्रथिन बिघडलें व पेशी मरूं लागल्या. अमायलॉइड बनूं न देणारें औषध आरंभींच दिलें तेव्हां साका पुष्कळ कमी झाला. तो जमूं लागल्यावर दिलें तेव्हां फारसा उपयोग झाला नाहीं.

कांचेच्या बशींतील पेशी म्हणजे माणूस नव्हे. तिला ना कोणाचें नांव आठवावयाचें, ना घराची वाट. यावरून उद्यांच औषध मिळेल असें मी म्हणत नाहीं. परंतु मागावरील कापडांत दोष दिसतो तेव्हां धागा मागेंच कोठें तरी तुटलेला असतो, तसेंच या रोगाचें आहे. म्हणून विसराळूपणा दिसतांच 'वय झालें' म्हणून स्वस्थ बसणें योग्य नव्हे.

आपल्या देशांतही या विद्येची उपासना चालू आहे. पुणें येथील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांस पेशी पुरवितें. बंगळूर येथें निम्हान्स व तिच्या सहकारी संस्था रुग्णांच्या व त्यांच्या आप्तांच्या रक्तपेशींपासून चेतापेशी करून स्मृतिभ्रंशादि विकारांचा अभ्यास करीत आहेत. रक्ताचे चार थेंब देणारास स्वतःला कांहीं मिळत नाहीं. लाभ झालाच तर तो पुढील पिढीस. माझ्या मतें हें दान मोठें आहे. मात्र तें देणारानें समजून-उमजून द्यावें. ज्यास समजण्याची शक्तिच उरली नाहीं, त्याच्या वतीनें घरच्यांनीं घाईनें होकार देऊं नये.

पालकांस माझी विनंति इतकीच कीं, घरांतील वडील माणूस वाट चुकूं लागलें, एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारूं लागलें, तर त्यास डॉक्टरांकडे न्यावें. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार किंवा मनाची खिन्नता यांमुळेंही विस्मरण होतें, व त्यांवर उपाय आहेत. परंतु मूळपेशींची सुई टोंचून स्मृति परत आणूं, असें सांगून पैसे उकळणाऱ्यांच्या नादीं लागूं नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत स्मृतिभ्रंशावरील अशा उपचारास मान्यता नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनो, आईबापांचा मान राखण्याविषयीं ख्रिस्ती धर्मांत स्पष्ट आज्ञा आहे. आपल्या गांवांतील दुसरा कोणताही धर्म याहून वेगळें शिकवीत नाहीं. ज्या हातानें आपणांस बोट धरून घरीं आणलें, त्यासच बोट धरून आणण्याची पाळी आली, तर हसूं नये. म्हण पुस्तकांत राहो. आपल्या तोंडीं नसावी.