दुकानाचे नाव आणि गिऱ्हाइकाची जीभ

दुकान काढणारा माणूस जागा, भांडवल, माल आणि उधारी यांचा विचार महिनोन्महिने करतो. नावाचा विचार मात्र बहुधा पाटी रंगविणारा दारात येऊन उभा राहिल्यावर सुरू होतो. मग घरातील वडीलधारी मंडळी कुलदैवत सुचवितात, मुले एखादा इंग्रजी शब्द पुढे करतात, आणि पाटीवर शेवटी या दोहोंची तडजोड झळकते. देवाच्या नावापुढे 'मार्ट' किंवा 'एम्पोरियम' जोडले की दोन्ही पिढ्यांचे समाधान होते. गिऱ्हाइकाचे काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वास्तविक ते नाव दिवसातून शंभर वेळा उच्चारणार असते ते गिऱ्हाईकच.

हा प्रश्न पुण्याच्या पेठेत जितका सोपा वाटतो तितका तो बोरसीत सोपा नाही. दुर्ग आणि भिलाई या जुळ्या शहरांच्या विस्तारात सामावून गेलेले हे ठिकाण. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, 1959 च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्या भट्टीभोवती तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया, बिहारी, मराठी अशी कुटुंबे येऊन वसली. बाजाराची भाषा हिंदी झाली, मातीची भाषा छत्तीसगढी राहिली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने बोरसीत संसारोपयोगी वस्तूंचे दुकान काढावयाचे ठरविले, तर त्याच्या पाटीवरचा शब्द या सगळ्या जिभांवरून जाणार आहे. खुद्द 'बोरसी' हा शब्दच पाहावा. मराठी कानाला त्यात बोराचे झाड दिसते. भोजपुरी बोलणाऱ्याला मात्र थंडीत उशाशी ठेवावयाची निखाऱ्यांची मातीची शेगडी आठवते, कारण त्याच्या भाषेत बोरसी म्हणजे तीच. गावाला हे नाव कशावरून पडले हा प्रश्न निराळा. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते हे त्यावर अवलंबून नसते.

मराठी व्यापाऱ्याची पहिली ओढ आडनावाकडे असते, आणि ती अकारण नाही. सांगलीत 1832 मध्ये सुरू झालेली गाडगीळांची सराफी पेढी, गिरगावातून वाढलेले बेडेकरांचे मसाले-लोणची, पुण्याचे चितळे बंधू मिठाईवाले, ही नावे म्हणजे एका परीने जामीनकीच आहेत. माल वाईट निघाला तर कोणाच्या दारात जावयाचे हे पाटीच सांगते. पण जामीन ओळखीचा असावा लागतो. पुण्यात आडनाव ऐकताच घराणे, आळी, प्रसंगी पंचांगही कळते. भिलाईत त्यावरून फार तर प्रांत कळतो. शिवाय आपल्या आडनावांत 'ळ' ठाण मांडून बसलेला असतो. तेलुगू, मल्याळी आणि ओडिया शेजाऱ्याला तो सहज उच्चारता येतो. हिंदी आणि बंगाली जिभेवर त्याचा 'ल' होतो. स्वतःच्या दुकानाचे नाव रोज मोडलेले ऐकावे लागणे हे काही मोठे संकट नव्हे. तथापि ज्या नावात घराण्याची अब्रू गुंतवावयाची तेच ऐकणाऱ्याला परके असेल तर जामीनकीचा हेतूच उरत नाही.

आडनाव नको म्हटले की मराठी शब्दाकडे वळावे लागते, आणि येथे खरे खड्डे आहेत. फराळाचे दुकान घ्या. हिंदीभाषकाला 'फराळ' शब्दात 'फलाहार' ऐकू येतो, आणि फलाहार म्हणजे उपासाचे खाणे. चकल्या आणि कडबोळी पाहून तो बुचकळ्यात पडेल. 'खाऊ' या शब्दाने मराठी मुलाच्या तोंडाला पाणी सुटते. हिंदीत तो खादाडाला किंवा लाच खाणाऱ्याला लागतो. उपाहारगृहाच्या पाटीत एक काना गळाला (आणि तो महाराष्ट्रातही सर्रास गळतो) तर 'उपहार' वाचून हिंदी वाचक आत भेटवस्तू मागेल. हे विनोद नव्हेत. एकाच संस्कृत मुळापासून निघालेले शब्द दोन भाषांत निरनिराळ्या संसाराला लागले, की त्यांची ओळख पटते पण वर्तणूक कळत नाही. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारतो; ओळखीचा वाटणारा शब्द तो न विचारता चुकीचा घेतो.

या अडचणींतून सुटका म्हणून इंग्रजीचा आश्रय घेतला जातो. इंग्रजी सर्वांना सारखीच परकी, तेव्हा ती कोणाचा पक्षपात करीत नाही, असा युक्तिवाद असतो. तो अगदीच पोकळ नाही. परंतु सर्वांनी हाच मार्ग धरला की 'मार्ट' आणि 'हब' यांच्या रांगेत कोणते दुकान कोणाचे हेच कळेनासे होते. छत्तीसगढ सरकारनेच दोन्ही वाटा चोखाळून पाहिल्या आहेत. 2016 मध्ये रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात स्थानिक पदार्थांचे उपाहारगृह निघाले, त्याला नाव दिले 'गढ कलेवा'. कलेवा म्हणजे न्याहारी. राज्याच्या हातमागाच्या दुकानांना 'बिलासा' हे नाव लाभले. जिच्यावरून बिलासपूर हे नाव पडले असे लोक सांगतात ती ही केवटीण. आणि 2022 मध्ये गावोगावच्या बचतगटांचा माल विकण्यासाठी दुकाने उघडली तेव्हा मात्र नाव सुचले 'सी-मार्ट'. महुआ, कोदो, हातसडीचे तांदूळ, आणि वर राज्याच्या नावाचे रोमन आद्याक्षर! ज्या बायकांनी माल तयार केला त्यांच्या बोलीतला एकही शब्द पाटीवर चढू नये, ही निवड निव्वळ सोयीची म्हणून सोडून देता येत नाही. बोली मालाच्या पोत्यापर्यंत चालते, पाटीवर चालत नाही, असा निवाडा त्यात नकळत होऊन जातो.

महाराष्ट्राने या प्रश्नावर कायद्याचा इलाज केला. 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली, इतर लिपीतील अक्षरे तिच्याहून मोठी असू नयेत असे ठरले, आणि मद्याच्या दुकानांना थोर पुरुषांची व गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयानेही 2023 च्या सप्टेंबरात व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. यात वावगे काही नाही. मात्र 'फॅशन हब' देवनागरीत लिहिले की कायद्याचे समाधान होते. लिपी बदलते, शब्द होता तेथेच राहतो.

नाव कसे ऐकले जाते याचा मार्मिक विचार एका जुन्या खटल्यात सापडतो. 'अमृतधारा' या प्रसिद्ध औषधाच्या मालकांनी 'लक्ष्मणधारा' या नावाच्या नोंदणीस हरकत घेतली होती. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने दोन्ही शब्दांचा विग्रह केला: एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची, मग घोटाळा व्हावा कसा? 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तर्क अमान्य केला. सामान्य गिऱ्हाईक नावाची व्युत्पत्ती करीत बसत नाही. त्याच्या अर्धवट आठवणीत उरतो तो एकूण नाद, असे न्यायालयाचे म्हणणे. (लक्ष्मणधारावाले 1923 पासून उघडपणे धंदा करीत होते, म्हणून त्यांची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती राहू दिली, हा भाग वेगळा.) भाषेच्या अभ्यासकांना हा निर्णय किंचित खटकेल, कारण त्यांचा सगळा जन्म विग्रहात जातो. पण बाजारापुरते न्यायालयाचेच बरोबर आहे. नाव प्रथम कानाचे असते. घरातून पिटाळलेले सात वर्षांचे पोर ते वाटेत न विसरता दुकानापर्यंत नेऊ शकते की नाही, ही कसोटी कोणत्याही कोशापेक्षा खात्रीची.

गिऱ्हाईक कधी कधी स्वतःच निवड करते. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत 1948 मध्ये सुरू झालेल्या ग्राहक सहकारी संस्थेचे नोंदणीतील नाव एका दमात म्हणता येऊ नये इतके लांब आहे. लोकांच्या तोंडी राहिले ते 'अपना बाजार'. शुद्धतेच्या अभिमान्यांना त्यातली हिंदी बोचेल; परंतु ज्या वस्तीत गिरणीच्या एकाच पाळीत चार प्रांतांची माणसे कामाला जात, तेथे दोन सोपे शब्द सर्वांचे झाले. भिलाईची वस्ती त्याच जातीची आहे.

तेव्हा बोरसीच्या त्या गृहस्थाने काय करावे? भाषा सोडू नये आणि हट्टही धरू नये. आपल्या भाषेतला असा शब्द शोधावा की ज्याला शेजारच्या भाषांतही घर आहे. तो दुर्मीळ असला तरी अप्राप्य नाही. 'संसार' हा शब्द पाहावा. मराठी बाईला त्यात चूलबोळकी, डबे, ताटवाट्या दिसतात. बंगाली आणि तेलुगू घरांतही त्याचा अर्थ जवळपास हाच, बंगाली उच्चार तेवढा निराळा. हिंदीत संसार म्हणजे अवघे जग; म्हणूनच उत्तरेकडच्या बाजारात 'साडी संसार' अशा पाट्या दिसतात आणि मराठी माणूस त्या वाचून हसतो. भांड्यांच्या दुकानावर हिंदी वाचकाला भांड्यांचे जग दिसले तर तक्रारीला जागा नाही. राहता राहिला मल्याळी शेजारी. त्याच्या भाषेत संसार म्हणजे बोलणे, संभाषण. तो पाटी वाचून क्षणभर थबकेल, आत येईल, आणि कढईचा भाव पाडून मागू लागेल.