नौकेतला कुत्रा, फळीवरचा कुत्रा

जेरोम के. जेरोम याच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) या पुस्तकाच्या शीर्षकाला एक शेपूट आहे: ‘टू से नथिंग ऑफ द डॉग’. कुत्र्याबद्दल तर बोलायलाच नको! टेम्स नदीवरून निघालेले ते तिघे प्रत्यक्षातल्या माणसांवर बेतलेले आहेत. एक खुद्द जेरोम, दुसरे दोघे त्याचे मित्र. माँटमोरेन्सी हा फॉक्स टेरियर मात्र निखळ कल्पित. इंग्रजी साहित्यातल्या या सर्वांत लाडक्या नौकाविहारी कुत्र्याचे पाय कधी ओले झालेच नाहीत, आणि म्हणून त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्नही कुणाला पडला नाही.

आज त्याच टेम्सवर पॅडलबोर्ड, म्हणजे उभे राहून वल्हवायची रुंद फळी, घेऊन लोक उतरतात आणि पुष्कळदा पुढ्यात कुत्रा असतो. हा कुत्रा खरा आहे. त्याच्याविषयी लिहिले जाते ते सूचनापत्रकांत, आणि ते गद्य आपण साहित्य म्हणून वाचत नाही. मला मात्र असे म्हणावेसे वाटते की, कुत्रा हा कुत्रा म्हणून पाहण्याच्या बाबतीत ही रुक्ष पत्रके ललित लेखनाच्या बरीच पुढे आहेत.

साधी सूचना पाहा. कुत्र्याला आधी कोरड्या जमिनीवर ठेवलेल्या फळीची सवय करावी. कारण तो आपल्याला फळी काय आहे हे विचारू शकत नाही. तिचा वास घेऊन, तिच्यावर चढून-उतरूनच त्याला ती कळते. पाण्यात गेल्यावर आपण प्रथम गुडघ्यांवर बसावे, कुत्रा पायांजवळ, फळीच्या मध्याशी ठेवावा. फळी अशी निवडावी की दोघांचे मिळून वजन ती सहज पेलेल. नखे गुळगुळीत पृष्ठभागावर घसरतात, म्हणून त्याच्या जागी खरखरीत चटई हवी. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्या कुत्र्यालाही घालावे, आणि त्याच्या पाठीवर मूठ असावी. ओला, घाबरलेला कुत्रा पाण्यातून फळीवर ओढून घेताना ती मूठच कामी येते. (सगळ्या कुत्र्यांना उपजत पोहता येते, हाही आपला एक साहित्यिक समज. बसक्या नाकाच्या पग किंवा बुलडॉगला पाण्यावर तोंड धरून ठेवणेच जड जाते.)

आणि कुत्र्याला फळीशी वा स्वतःशी कधीही बांधू नये. हे वाक्य वाचताना मी थांबलो. बंधन हे प्रेमाचे रूपक म्हणून आपण इतके वापरले आहे की पाण्यात तीच दोरी पायांत गुंतून जीव घेते, हे लक्षातच येत नाही. वल्हवणाऱ्याचा स्वतःचा पट्टासुद्धा वाहत्या नदीत घोट्याला नको. कमरेला, एका झटक्यात सुटेल असा हवा.

पण खरा पेच पुढे आहे. कुत्रा पाण्यात पडून अडचणीत आला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, असे ब्रिटनची जीवरक्षक संस्था ‘आरएनएलआय’ बजावते. त्याला सहज बाहेर पडता येईल अशा जागी जा, हाक मारा, मदत बोलवा. कुत्रा अनेकदा आपला आपण बाहेर येतो. मालक येत नाही. महाभारत वाचलेल्या माणसाला हे पचणे अवघड आहे. महाप्रस्थानिक पर्वातला युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून इंद्राच्या रथात चढायला नकार देतो, आणि निष्ठेची आपली कल्पना तिथे घडलेली आहे. परंतु तो कुत्रा शेवटी साक्षात धर्म निघतो. महाकाव्यानेही त्याला कुत्रा राहू दिले नाही. शिवाय त्या रथात जायची त्याची स्वतःची इच्छा होती काय, हे कुणीच विचारत नाही.

सूचनापत्रक तेवढे विचारते. शेपूट पायांत, वारंवार ओठ चाटणे, जांभया, डोळ्यांच्या कडांचे पांढरे दिसणे, काठाकडे लागलेली नजर: ही त्याची नापसंती आहे, तेव्हा परत फिरा. संहितेचे बारकाईने वाचन आपण वर्गात शिकवतो, ते याहून फार वेगळे नाही. फरक इतकाच की इथे चुकीच्या अर्थाची किंमत वाचकाऐवजी मजकुराला मोजावी लागते.

अशा लेखनात भावना नाही, ही तक्रार मला मान्य नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर आलेल्या पाण्यात कुत्र्याला उतरवू नका, कारण अंग चाटताना ते विष त्याच्या पोटात जाते. पिण्याचे गोडे पाणी सोबत ठेवा, म्हणजे तो समुद्राचे पिणार नाही. उन्हात फळीला आधी आपला तळहात लावून पाहा. ही शेवटची सूचना कुणी लिहिली ते ठाऊक नाही. तिच्यात विशेषण एकही नाही, आणि पंजा भाजतो म्हणजे काय होते ते लिहिणाऱ्याला नेमके माहीत आहे.