घरचा छंद : आपण भारतात, प्रवाळं इथे

डिसेंबरच्या तिकिटांची चौकशी सुरू झाली की आमच्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला सामानाच्या वजनाचा; त्याला आमच्यापाशी उत्तर नाही. दुसरा, ‘आम्ही चार आठवडे जाणार, मग टाकीतल्या प्रवाळांचं काय?’ मंडळातल्या काही घरांत आता खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाक्या आल्या आहेत, म्हणून या खेपेचं सदर त्यांच्यासाठी. टाकी नसलेल्यांनीही जरूर वाचावं, कारण घराची किल्ली बहुधा तुमच्याच हाती येणार आहे!

प्रवाळ म्हणजे शोभेचा दगड नव्हे, तो जिवंत प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि भाड्यापोटी बरंचसं यजमानाला देतं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंश सेल्सियसने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की हे बिऱ्हाड मोडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लॉरिडा कीजच्या समुद्रात हेच झालं. तिथल्या संशोधकांना कितीतरी प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली. समुद्राची ही गत, तर आपल्या वीस गॅलनांना किती जपावं लागेल! मोठ्या टाकीत चूक हळूहळू होते, छोट्या टाकीत ती दोन-चार दिवसांत होते.

आमच्या मते चार आठवड्यांतला सर्वात मोठा शत्रू म्हणजे वाफ. हिवाळ्यात हीटिंगची कोरडी हवा, त्यात टाकी उघडी. दिवसाला अर्धा गॅलन पाणी सहज उडतं. पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि आपल्या टाकीतही तेवढेच हवेत (हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास). चार दिवस पाणी घातलं नाही तर वीस गॅलनांचे अठरा होतात आणि ३५ चे जवळजवळ ३९. पण याहून वाईट म्हणजे शेजाऱ्यांचा चांगुलपणा. ‘समुद्राची टाकी ना, मग मिठाचंच पाणी घालू’ असं म्हणून त्यांनी रोज अर्धा गॅलन खारं पाणी घातलं, तर अठ्ठावीस दिवसांत तो आकडा साठाच्या घरात जातो. आमटी खारट झाली तर कणकेचा गोळा टाकता येतो. इथे तो उपाय नाही.

म्हणून घालायचं ते गोडं पाणी, आणि तेही नळाचं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असू शकतं, तांब्याच्या पाइपातून तांबं उतरू शकतं आणि तांबं प्रवाळांना विष आहे. आरओ-डीआय यंत्राचं पाणी उत्तम, नाहीतर ग्रोसरीतलं डिस्टिल्ड वॉटर आणावं. गॅलनचे चौदा-पंधरा जग टाकीशेजारी ओळीने मांडून ठेवावेत आणि मीठ व बाकीच्या बाटल्या कपाटात बंद कराव्यात. काचेवर टेपची एक पट्टी लावावी आणि पाणी त्या रेषेपर्यंत भरायला सांगावं. फ्लोट स्विचवर चालणारा छोटा पंप बसवला तर उत्तमच. पण पाच गॅलनची बादली दहा दिवसांत रिकामी होते, तेव्हा माणूस लागतोच. आमचा अनुभव असा की या कामाला शेजारचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मोठ्यांपेक्षा बरी. सांगितलं तेवढंच करतात, स्वतःचं डोकं चालवत नाहीत!

बिल वाचावं म्हणून आपण थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवून निघतो. टाकीला हवेत ७७ ते ७९ अंश फॅरनहाइट. अशा गारठ्यात छोटा हीटर रात्रंदिवस चालूनही पुरा पडत नाही, तेव्हा घर ६६-६८ वर ठेवा. बिलाचे जादा डॉलर टाकीच्या खात्यात धरावेत. शंभर वॅटच्या एका हीटरऐवजी पन्नासचे दोन लावावेत. एखादा चालू स्थितीत अडकला तर एकट्याने पाणी उकडत नाही, आणि बंद पडला तर दुसरा थोडी तरी धग धरतो. वीज गेली तर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप ठेवावा.

जुन्या हौशी मंडळींना चुन्याची निवळी ठाऊक आहे. पानाला लावतो तोच कॅल्शियम हायड्रॉक्साइड, फक्त शुद्ध प्रतीचा (पानपेटीतला नको!). त्याने कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही टिकतात. घरी असताना निवळी थेंबथेंब जरूर द्यावी; आपण पुण्यात आणि निवळी पंपावर, हे मात्र आम्हाला मान्य नाही. स्विच अडकून सगळी बादली ओतली गेली तर एका रात्रीत टाकी संपते. मऊ प्रवाळं, मशरूम, झोएंथिड ही महिनाभर निवळीवाचून राहतात. हॅमरसारखी सांगाडा बांधणारी प्रवाळं असतील तर निघण्याआधी दोन-तीन दिवसांच्या अंतराने अल्कलिनिटी मोजून रोजचा खर्च काढावा. आठ-नऊ डीकेएचवरून तो आकडा चार आठवड्यांत कुठे उतरेल, याचा हिशेब मांडावा. अ‍ॅक्रोपोरा पाळणाऱ्यांना आमचं स्पष्ट मत: छोटी टाकी, चार आठवडे भारत आणि अ‍ॅक्रोपोरा, यांतलं एक सोडावं.

माशांचं खाणं आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत वार पाहून भरून ठेवा आणि मोठा डबा लपवा. दिवा टायमरवर, नेहमीच्याच वेळेला. पाणी बदलायचं ते निघण्याआधी आठवडाभर. शेवटचा महिना नवं प्रवाळ, नवा मासा काही नको. आणि मुलांना बजावून ठेवा: टाकीत हात घालायचा नाही. काही झोएंथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. तो दगड उघड्या हाताने घासणं धोक्याचं आणि उकळत्या पाण्यात टाकणं त्याहून धोक्याचं. वाफेतूनही बाधा होते.

जाता जाता मालवणबद्दल. तिथल्या समुद्रात प्रवाळं आहेत, म्हणून मुलांना किनाऱ्यावर तुकडा सापडला तर बॅगेत टाकू नका. २००१ पासून ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत.

परत आल्यावर, कितीही झोप येत असली तरी, आधी खारटपणा मोजा. वाढलेला आढळला तर गोडं पाणी एकदम ओतू नका. दिवसाला हायड्रोमीटरवर ०.००१ एवढाच उतरवा. बाकीच्या टेस्ट दुसऱ्या दिवशी, बॅगा उघडून झाल्यावर.