गाडी उंच केली, पण शाफ्टचं काय?



आपल्या विजय नगरात हल्ली पिकअप घेणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. रविवारी चोरल, जानापाव किंवा मांडूकडे निघायचं, पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत अडकायचं नाही, म्हणून गाडी दोन-तीन इंच उंच करून घ्यायची हौसही त्याबरोबर आलीच. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण गाडीच्या पोटाखाली काय बदललं ते पाहिलं नाही, तर मोल मोजावं लागतं.

माझ्या आतेभावानं मागच्या पाट्यांत एक जादा पान आणि लांब शॅकल टाकून गाडी तीन इंच उंच केली. त्यानंतर गाडी जागेवरून निघताना खालून थरथरायची आणि सत्तरच्या पुढे धडधडायची. शाफ्टचा क्रॉस बदलला, तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच. ‘‘दादा, हल्ली पार्टच हलके येतात रे,’’ असं त्याचं म्हणणं. पार्ट ठीक होते, त्यांच्यातला कोन बिघडला होता.

गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही टोकांना क्रॉसच्या सांध्यानं जोडलेला असतो. समजा शाफ्ट १२० सेंटीमीटर लांब आहे आणि ५ अंशांनी खाली उतरतो. गाडी साडेसात सेंटीमीटर, म्हणजे तीन इंच, उचलली की तो उतार साधारण साडेआठ अंश होतो. दोन टोकांमधलं अंतरही सुमारे ९ मिलिमीटरनं वाढतं. शाफ्ट जितका आखूड, तितका हा फरक मोठा.

या सांध्याचा एक स्वभाव आहे. तो वाकडा असला की एक बाजू एकसारख्या वेगानं फिरूनही दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. १० अंशांना हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास असतो, २० अंशांना सहा टक्क्यांच्या. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असतील आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. लांब शॅकलमुळे एक्सल थोडा फिरतो, पिनियनचं तोंड वर होतं आणि ही जुळणी मोडते. मग नवा क्रॉस टाकला तरी तोही झिजणारच.

म्हणून आधी मोजा, मग खर्च करा. गाडी सपाट जागी, चाकांवर उभी हवी, जॅकवर नको. फोनमधलं कोन मोजणारं ॲप पुरतं. गिअरबॉक्सचा मागचा भाग, शाफ्ट आणि पिनियन या तिघांचे कोन लिहून घ्या. दोन्ही सांध्यांच्या कोनांत एक अंशाहून जास्त फरक नसावा. मात्र कोन अगदी शून्यही नको, कारण मग सुया एकाच जागी दाबून क्रॉसमध्ये खड्डे पडतात.

दुरुस्तीचे मार्ग ठरलेले आहेत. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये दोन-तीन अंशांची पोलादी पाचर टाकून पिनियन पुन्हा जुळवता येतो. तेव्हा यू-बोल्ट नवेच घ्यावेत. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, तर मधलं सेंटर बेअरिंग पॅकिंग देऊन थोडं खाली आणतात. निघतानाची थरथर बहुधा त्यानंच जाते. भावाच्या गाडीला हे दोन्ही केलं आणि धडधड थांबली. कोन फारच वाढला असेल, तर गिअरबॉक्सकडे दुहेरी सांध्याचा शाफ्ट लागतो. त्यात पिनियनचं तोंड जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत ठेवतात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल, तर सीव्ही जॉइंटचे रबरी बूट फाटत नाहीत ना, हेही पाहा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सरकणारा सांधा. चाकं पूर्ण खाली लोंबत असतानाही त्याचे दाते एकमेकांत पुरेसे अडकलेले हवेत. धावत्या गाडीत शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं, तर गाडी हातात राहत नाही, आणि मागच्या सीटवर आपलीच मुलं असतात. दाते कमी पडत असतील, तर शाफ्ट लांब करून बॅलन्स करून घ्या. सांधा उघडण्याआधी दोन्ही भागांवर खूण करा. एक दाता इकडचा तिकडे झाला तरी योकची रेषा चुकते. त्याच वेळी ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हेही बघा.

शेवटी कायद्याचं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्यामुळे पाट्यांना हात लावण्याआधी आरटीओ, कंपनीची वॉरंटी आणि विमा या तिन्ही ठिकाणी विचारून घ्या. तिथून नकार आला, तर चांगले टायर घेऊनही जानापाव गाठता येतंच!

तुमच्या गाडीचे प्रश्न असतील तर जरूर कळवा.